बिझनेस प्लॅन लिहायला बसलात? आधी आकडे मांडा, पानं नंतर

छोटा धंदा सुरू करायचा म्हटलं की कोणीतरी सांगतंच, आधी बिझनेस प्लॅन कर. मग आपण काय करतो, कुठून तरी एक तयार नमुना उतरवून घेतो, त्यात आपलं नाव टाकतो, 'आमचे ध्येय', 'आमची दृष्टी' असली दोन पानं भरतो, आणि आकड्यांपाशी आलो की गाडी अडते. मग तिथे अंदाजपंचे काहीतरी टाकून मोकळे. मीही पहिला प्लॅन असाच लिहिला होता, चाळीसेक पानांचा, छान बांधून घेतलेला. कर्जासाठी जिथे गेलो तिथल्या साहेबांनी सात-आठ पानं उलटली आणि एकच विचारलं, "तिसऱ्या महिन्याचे पगार कशातून देणार?" चाळीस पानांत त्याचं उत्तर कुठेच नव्हतं. कर्ज मिळालं नाही ते बरंच झालं असं आता वाटतं, कारण मिळालं असतं तर तिसऱ्या महिन्यात मी खरंच अडकलो असतो.

तेव्हापासून मी प्लॅन उलट्या बाजूने लिहितो, आणि ओळखीत कोणी विचारलं तर त्यांनाही तसंच करायला लावतो. आधी पैशाचा महिनावार तक्ता करायचा, आणि बाकी सगळा प्लॅन म्हणजे त्या तक्त्यातला एकेक आकडा कुठून आला याचं स्पष्टीकरण. गिऱ्हाईक कोण हे का लिहायचं? तर विक्रीचा आकडा कुठून आला ते कळावं म्हणून. माणसं किती लागणार हे का लिहायचं? पगाराचा आकडा तिथूनच येतो म्हणून. असं धरलं की काय लिहायचं आणि काय सोडायचं हे आपोआप ठरत जातं.

एक उदाहरण घेऊन जातो, म्हणजे नुसती बडबड होणार नाही. मध्यंतरी एका ताईंसोबत बसून त्यांच्या कापडी बॅगा शिवण्याच्या धंद्याचा प्लॅन केला होता. खाली जे आकडे देतोय ते हिशोब सोपा व्हावा म्हणून गोल केलेत, चलन तुम्ही कुठलंही धरा, पद्धत तीच.

सुरुवात एका नगापासून करायची. वर्षाची उलाढाल वगैरे नंतर बघू, आधी एक बॅग. ती 100 ला विकायची असं ताईंनी ठरवलं होतं. तिला कापड, अस्तर, चेन, दोरा, बंद, पिशवीचं पॅकिंग मिळून 45 लागतात आणि शिवणारीला नगामागे 15. म्हणजे बॅगेमागे 60 जातात, 40 उरतात. आता हे 40 म्हणजे नफा नाही हं, इथेच लोक फसतात. या 40 मधून जागेचं भाडं, वीज, मदतनीसाचा पगार, फोन-इंटरनेट, मशीनची देखभाल हे सगळं निघायचंय, जे एक बॅग विकली काय आणि हजार विकल्या काय, महिन्याला द्यावंच लागतं. ताईंचा हा बांधील खर्च महिन्याला 20,000 येत होता. 20,000 भागिले 40, म्हणजे 500 बॅगा. महिन्याला 500 विकल्या तर ना नफा ना तोटा. याला ब्रेक-ईव्हन म्हणतात, आणि हा आकडा प्लॅनच्या पहिल्या पानावर असावा असं माझं ठाम मत आहे.

मग मी विचारलं, 500 बॅगा शिवून तरी होतील का? ताई म्हणाल्या, अहो एक बॅग वीस मिनिटांत होते. मी म्हटलं, चला, मोबाईलवर टायमर लावू आणि एक शिवून बघू. कापणं झालं, मशीनवर बसल्या, मध्येच बॉबिन संपली, ती भरली, चेन लावताना एकदा उसवून परत घेतली, बंद जोडले, शेवटी उरलेले दोरे कापले, उलटी करून तपासली, घडी घातली. टायमर बघितला तर चाळीस मिनिटं. वीस मिनिटं हा नुसता मशीन चालण्याचा वेळ होता, बाकीचं कोणी मोजतच नव्हतं. आता दिवसात प्रत्यक्ष हातात सात तास धरले तर एका मशीनवर दहा बॅगा होतात. मशीन दोन, म्हणजे वीस, महिन्यात 25 दिवस काम, म्हणजे 500. बघा म्हणजे, दोन्ही मशीनं एक दिवस न थांबता चालली, प्रत्येक बॅग विकली गेली, कोणी आजारी पडलं नाही, तरी हातात शून्य! आणि यात ताईंचा स्वतःचा पगार धरलेलाच नव्हता.

हा स्वतःचा पगार बहुतेक लोक विसरतात, किंवा मुद्दाम सोडतात, की सुरुवातीला मी काही घेणार नाही म्हणून. पण घर तर चालवायचं असतं ना, मग तो पैसा गल्ल्यातून हळूच निघत राहतो आणि वहीत त्याची नोंदच नसते. म्हणून आपला पगार, कमी का होईना, बांधील खर्चात पहिल्या दिवसापासून लिहायचा. ताईंनी 10,000 धरले, बांधील खर्च झाला 30,000. मग आम्ही किमतीकडे परत आलो. 110 ला विकली तर बॅगेमागे 50 उरतात, 30,000 भागिले 50, 600 बॅगा लागतात. दोन मशीनवर 600 होत नाहीत, तिसरं मशीन आणि तिसरी शिवणारी हवी, मग जास्तीत जास्त 750 पर्यंत जाता येतं. हे सगळं एका दुपारी, एका कागदावर कळलं. मशीन घेण्याआधी कळलं हे महत्त्वाचं.

किंमत फक्त दहाने वाढवली तर फरक किती पडतो ते इथे नीट बघून घ्या. जुन्या 20,000 खर्चावर 500 बॅगा लागत होत्या, 110 ला विकल्या तर 400 मध्येच भागतं. याच्या उलट्या बाजूला डिस्काउंट. 100 ची वस्तू, 40 उरत होते, तुम्ही दहा टक्के सूट दिली, आता 30 उरतात, म्हणजे पूर्वीइतकेच पैसे हातात यायला विक्री तेहतीस टक्के जास्त करावी लागेल. सूट द्यायची की नाही हा तुमचा प्रश्न, पण प्लॅनमध्ये 'सुरुवातीला आकर्षक सवलती' असं लिहिताना हा हिशोब शेजारी मांडा. आणि अजून एक, 60 ला पडलेली वस्तू 90 ला विकली की लोक म्हणतात पन्नास टक्के मार्जिन. ते खर्चावर पन्नास टक्के चढवलेलं आहे, विक्रीतलं मार्जिन 33 टक्केच झालं. या दोन टक्केवाऱ्यांची गल्लत प्लॅनमध्ये झाली की पुढचे सगळे आकडे वाकडे जातात.

आता पुढचा प्रश्न, 600 बॅगा घेणार कोण? इथे बहुतेक प्लॅनमध्ये एक ठरलेलं वाक्य असतं, की बाजार एवढा मोठा आहे, आम्ही त्यातला फक्त एक टक्का घेतला तरी पुरे. कृपा करून हे लिहू नका. एक टक्का कोणी हातात आणून देत नाही. खालून वर मोजा. किती दुकानदारांशी बोललात, त्यातल्या किती जणांनी नमुना ठेवून घेतला, एक दुकान महिन्याला किती घेईल, थेट गिऱ्हाईक किती, ते परत किती महिन्यांनी येईल. वीस दुकानं गुणिले पंधरा बॅगा म्हणजे 300, हा आकडा एक टक्क्यापेक्षा कितीतरी खरा आहे, कारण तो चुकला तर कुठे चुकला ते कळतं, दुकानं कमी पडली की दुकानामागे खप कमी पडला.

आणि लोकांशी बोलायला जाल तेव्हा "तुम्ही माझी वस्तू घ्याल का?" असं विचारू नका. समोरचा माणूस भिडेखातर हो म्हणतो, आणि तुम्ही ते विक्रीत धरता. त्यापेक्षा झालेलं विचारा. शेवटची बॅग कधी घेतली, कुठून घेतली, किती दिले, तिचं काय आवडलं नाही, फाटली कुठे. दुकानदाराला विचारा की महिन्याला किती नग जातात, माल देणारा पैसे किती दिवसांनी घेतो, न खपलेला परत घेतो का. दहा-पंधरा जणांशी असं बोललात की तीच उत्तरं परत यायला लागतात, तेव्हा समजायचं की चित्र बऱ्यापैकी दिसायला लागलंय. आणि सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे आगाऊ ऑर्डर किंवा विकलेला छोटा लॉट. पन्नास बॅगा शिवून विकून बघा आणि तो अनुभव प्लॅनमध्ये तारखेसकट लिहा, दहा पानांच्या मार्केट रिसर्चपेक्षा त्याला वजन जास्त आहे.

स्पर्धकांबद्दल 'आम्हाला स्पर्धा नाही' असं लिहिलेलं दिसलं की वाचणाऱ्याचा विश्वासच उडतो. स्पर्धा नेहमी असते, कारण गिऱ्हाईक आज काहीतरी करून काम भागवतंयच, दुसऱ्याकडून घेतंय, घरी असलेलं वापरतंय, किंवा काहीच न घेता चालवून घेतंय. ते सोडून तुमच्याकडे का येईल हे दोन-तीन वाक्यांत लिहा, आणि 'उत्तम दर्जा, वाजवी दर' असं नको, सगळेच तसं म्हणतात. ताईंचं कारण साधं होतं, त्या बॅगेचे बंद दोनदा शिवत होत्या आणि तुटले तर फुकट लावून देत होत्या. बाजारातल्या बॅगा नेमक्या बंदापाशीच तुटतात हे त्यांना बोलण्यातूनच कळलं होतं. हे असलं कारण खरं वाटतं.

आता तो तिसऱ्या महिन्याचा प्रश्न. माझ्या मते प्लॅनचा जीव इथे आहे, त्यामुळे जरा सविस्तर.

नफा आणि हातातला पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सगळ्यांना माहीत असतं पण तक्ता केल्याशिवाय पटत नाही. समजा ताईंनी सगळा माल 110 च्या दराने दुकानांना दिला आणि दुकानं दोन महिन्यांनी पैसे देतात. कापड रोखीने घ्यावं लागतं, शिवणावळ दर आठवड्याला. पहिल्या महिन्यात 200 बॅगा, दुसऱ्यात 300, तिसऱ्यात 400, आणि चौथ्यापासून 600. पहिल्या महिन्यात माल-मजुरीचे 12,000 आणि बांधील 30,000, गेले 42,000, आले शून्य. दुसऱ्यात गेले 48,000, आले परत शून्य. तिसऱ्यात गेले 54,000 आणि पहिल्या महिन्याच्या मालाचे 22,000 आले. चौथ्यात 66,000 गेले, 33,000 आले. पाचव्यात 66,000 गेले, 44,000 आले. सहाव्यात 66,000 गेले आणि 66,000 आले, तिथे कुठे बरोबरी झाली. तोपर्यंत खिशातून गेलेली रक्कम बेरीज करा, 1,77,000. मशीनं, टेबल, जागेची अनामत हे सगळं वेगळं, हा फक्त धंदा श्वास घेत राहावा यासाठी लागणारा पैसा, ज्याला खेळतं भांडवल म्हणतात. आणि गंमत बघा, चौथ्या महिन्यापासून वहीप्रमाणे ताईंना तोटा नव्हताच! 600 बॅगा, खर्च भागला. तरी चौथ्या आणि पाचव्या महिन्यात पैसा जातच होता, कारण तो दुकानांकडे अडकलेला.

मग आम्ही एकच गोष्ट बदलून बघितली, अर्धा माल थेट गिऱ्हाइकाला रोखीने आणि अर्धा दुकानांना उधारीवर. बाकी सगळं तेच. तक्ता परत केला तर 1,77,000 च्या जागी 1,11,000 आले. 66,000 कमी लागले, एकही बॅग जास्त न विकता. कर्ज किती मागायचं हे इथून ठरतं, आणि विक्री कशी करायची हेसुद्धा इथूनच ठरलं, ताईंनी आधी थेट विक्रीवर जोर द्यायचं ठरवलं.

तुमचा तक्ता करताना स्प्रेडशीट घ्या नाहीतर साधी आडवी वही घ्या. वर बारा महिने, डावीकडे आधी येणारा पैसा, मग जाणारा पैसा, खाली महिनाअखेर शिल्लक, आणि ती शिल्लक पुढच्या महिन्याच्या डोक्यावर. पैसा ज्या महिन्यात खरोखर हातात येतो किंवा जातो त्याच महिन्यात लिहायचा, बिल कधी फाडलं याला इथे अर्थ नाही. कर्जाचा पूर्ण हप्ता इथे लिहायचा, नफा-तोट्याच्या हिशोबात मात्र फक्त व्याज खर्च म्हणून जातं, मुद्दल जात नाही. घसाऱ्याचं, म्हणजे मशीन जुनं होत जातं तशी त्याची किंमत उतरते त्याचं, उलटं, तो नफा-तोट्यात असतो पण पैशाच्या तक्त्यात नसतो, कारण घसाऱ्यापोटी खिशातून काही जात नाही. कर, विमा, परवान्यांचं नूतनीकरण हे वर्षातून एकदा-दोनदा येतात आणि नेमके विसरले जातात, ते त्या त्या महिन्यात टाका. सीझन असेल तर तोही दिसू दे, बारा महिने सारखीच विक्री दाखवलेला तक्ता बघितला की कळतं की नुसता कॉपी-पेस्ट मारलाय.

सगळ्यात उजवीकडे एक रकाना ठेवा, 'आकडा कुठून आला'. भाडं, अमुक जागेच्या मालकाशी बोलून. कापड, तीन ठिकाणचे दर घेतले त्यातला मधला. विक्री, वीस दुकानांपैकी सात जणांनी नमुना ठेवला त्यावरून. जिथे नुसता अंदाज आहे तिथे सरळ 'अंदाज' लिहा. लाज वाटायचं कारण नाही, उलट वाचणाऱ्याला तुम्ही प्रामाणिक वाटता, आणि कुठला आकडा आधी पक्का करायला हवा ते तुम्हाला दिसतं.

आता कितीही नीट केलं तरी आपण आशेने लिहितो, हा माणसाचा स्वभावच आहे. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये याला प्लॅनिंग फॅलसी असं नाव दिलं, म्हणजे आपल्या कामाचा अंदाज बांधताना आपण सगळं सुरळीत होईल असं धरतो आणि तशीच कामं आधी प्रत्यक्ष किती वेळात झाली ते बघतच नाही. ताईंची वीस मिनिटं आठवा. त्याला उपाय म्हणून तक्त्याच्या अजून दोन प्रती करा. एकीत विक्री तीस टक्के कमी आणि सुरुवात दोन महिने उशिरा, दुसरीत कच्चा माल दहा टक्के महाग आणि वसुली एक महिना उशिरा. दोन्हीत शिल्लक कुठल्या महिन्यात शून्याखाली जाते ते बघा आणि तेव्हा काय करणार ते आत्ताच लिहून ठेवा, कुठला खर्च थांबवणार, कोणाकडून किती उचलणार, आणि कुठल्या आकड्याला धंदा बंद करणार. हा शेवटचा आकडा लिहायला जड जातं, मान्य आहे, पण घरचं सोनं-नाणं किंवा म्हातारपणाची पुंजी धंद्यात जाण्याआधी तो लिहिलेला असलेला बरा. घरच्यांनाही तो दाखवा.

कर्ज हवं असेल तर समोरच्याच्या खुर्चीत बसून बघा. त्याला तुमच्या स्वप्नापेक्षा हप्ता कुठून येणार यात रस असतो. तुम्ही स्वतःचे किती घालताय, तारण काय, आधीची कर्जं वेळेवर फेडलीत का, आणि धंद्यातून वर्षाला हातात किती उरतं. यातला एक हिशोब तुम्हीच करून न्या, वर्षभरात धंद्यातून उरणारी रक्कम भागिले वर्षाचे एकूण हप्ते. उत्तर 1 आलं तर उरलेला पैसा न् पैसा हप्त्यात जातोय, जरा कमी झालं की हप्ता चुकला. बरेच कर्ज देणारे ते 1.25 च्या आसपास किंवा वर असावं असं बघतात. कमी येत असेल तर कर्ज कमी घ्या नाहीतर मुदत वाढवून मागा, पण विक्रीचा आकडा फुगवून उत्तर जमवू नका, हप्ता शेवटी तुम्हालाच भरायचाय.

बाकीचे भाग पटकन. धंद्याचं स्वरूप, मालकी एकट्याची की भागीदारी, लागणारे परवाने, एका पानात बसवा. भागीदार असेल तर कोण किती पैसा घालणार, कोण किती वेळ देणार आणि एकाला बाहेर पडायचं झालं तर काय, हे लेखी करा, नातं कितीही जवळचं असो. स्वतःबद्दल लिहाल तेव्हा पदव्यांपेक्षा या कामाचा अनुभव लिहा, आणि जे येत नाही ते कोणाकडून करून घेणार तेही. बलस्थानं, कमजोऱ्या, संधी आणि धोके अशा चार चौकोनांच्या स्वॉट तक्त्यावर मी फारसा वेळ घालवत नाही, केलात तर प्रत्येक कमजोरीपुढे तुम्ही काय करणार ते लिहा, नाहीतर नुसतं सजावटीचं पान होतं.

सुरुवातीचा एक पानी सारांश सगळ्यात शेवटी लिहायचा, पण लावायचा पहिल्या पानावर, कारण पुष्कळ जण तेवढंच वाचतात. काय विकता, कोणाला, एका नगामागे किती उरतं, ब्रेक-ईव्हन किती, किती पैसा लागणार, त्यातला तुमचा किती, तो कशावर खर्च होणार आणि परत कधी होणार. बस. पूर्ण प्लॅन दहा-पंधरा पानांत बसला तर उत्तम, दरपत्रकं, कोटेशन वगैरे मागे जोडा. आणि तो धंद्यातलं काही न कळणाऱ्या माणसाला वाचायला द्या. तो जिथे अडखळतो तिथे तुम्ही एकतर नीट लिहिलेलं नाही, नाहीतर तुमचंच तिथे अजून ठरलेलं नाही.

प्लॅन तयार झाला की कपाटात ठेवू नका. ताईंनी तक्त्यात प्रत्येक महिन्याचे दोन रकाने केलेत, 'ठरवलं' आणि 'झालं'. दर महिन्याच्या पाच तारखेला मशीन अर्धा तास बंद ठेवून त्या दुसरा रकाना भरतात. पहिल्या महिन्यात 200 च्या जागी 140 बॅगा गेल्या होत्या. कारण शोधलं तर दोन दुकानांनी लहान आकाराची मागितली होती, ती त्यांच्याकडे नव्हतीच. मग लहान बॅगेचा हिशोब परत पहिल्यापासून मांडला, टायमर लावून, एक नग शिवून.